मंत्रचळ, चंचलता आणि स्वमग्नता

आमच्या नात्यांतील एका घरीं तेरा वर्षांची एक मुलगी आहे. दोन वर्षांपूर्वीं तिच्या आजी आम्हांस मोठ्या कौतुकानें सांगत, "आजकालच्या मुलींत असें सोवळें पाहावयास मिळत नाहीं हो!" जेवणापूर्वीं ती चार-चार वेळां हात धुई, देवघराचा उंबरा ओलांडून पुन्हा मागें येई व पुन्हा ओलांडी. आम्हींही तेव्हां कौतुकानें मान डोलाविली, हें येथें कबूल केलें पाहिजे. पुढें हातांची कातडी फाटून रक्त येऊं लागलें आणि शाळेंतून तक्रार आली कीं, मुलगी पेपर पुरा करीत नाहीं, वर्गांत तिचें लक्ष नसतें, मैत्रिणींत मिसळत नाहीं. घरांत लगेच मतें पडलीं. मोबाइलवर पुष्कळ वाचणाऱ्या धाकट्या काकांनीं 'एडीएचडी' ठरविलें. आत्याबाईंना तो ऑटिझम वाटला. आजींच्या मतें दृष्ट लागली होती.

मानसोपचारतज्ज्ञांनीं निदान केलें तें ओसीडीचें. त्याला आपल्या भाषेंत मंत्रचळ असा जुना आणि नेमका शब्द आहे.

काकांस व आत्याबाईंस हंसण्याचें मात्र कारण नाहीं. वही अपुरी राहिली, एवढेंच बाहेरून दिसतें. ज्याचें अवधान टिकत नाहीं, तें मूल दोन ओळी लिहून खिडकीबाहेर पाहूं लागतें, पेन्सिल हरवतें, प्रश्न पुरा होण्याआधींच उत्तर देऊन बसतें. मंत्रचळाचें मूल वहींतून हलतच नाहीं. एकच अक्षर कागदाला भोंक पडेपर्यंत खोडतें आणि पुन्हा लिहितें. धड्यावर त्याचेंही लक्ष नसतेंच, परंतु तें भटकलेलें नसून एका शंकेपाशीं जखडलेलें असतें. दाराची कडी पाहावयास दोघेही परत जातील. एक विसरला म्हणून, दुसरा मात्र लावल्याचें आठवत असूनही खात्री वाटत नाहीं म्हणून.

स्वमग्नतेशीं होणारा घोटाळा याहून बारीक आहे. लिओ कॅनर यांनीं १९४३ सालीं अमेरिकेंत अशा अकरा मुलांचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्यांतही सर्व कांहीं जसेंच्या तसें राहावें, हा हट्ट ठळक होता. पण असें मूल डबे ओळीनें मांडतें, तें बहुधा त्यांत त्याला गोडी किंवा निवांतपणा लाभतो म्हणून. शिवाय नजरेस नजर देणें, खुणेनें दाखविणें, इतरांशीं खेळणें यांतील वेगळेपण बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांतच दिसूं लागतें. आमची ही मुलगी दहा वर्षांची होईपर्यंत वाड्यांतल्या सगळ्या मुलांची पुढारी होती, ही गोष्ट कोणासच आठवली नाहीं! अवधानदोषाचीं लक्षणेंही बाराव्या वर्षापूर्वींपासून असावीं लागतात, आणि तीं घरीं व शाळेंत अशा निदान दोन ठिकाणीं दिसावीं लागतात.

डॉक्टरांनीं तिला विचारलें, "हात धुण्यांत तुला आनंद वाटतो का?" ती रडूं लागली. म्हणाली, "मी नीट धुतले नाहींत तर आजी मरेल. हें खोटें आहे, मला कळतें. पण राहवत नाहीं." आजी शेजारींच बसल्या होत्या.

सोवळ्याची चौकट येथें फसवी ठरते. सोवळ्याला शेवट असतो. स्नान झालें, पूजा झाली, कीं माणूस मोकळा होतो. मंत्रचळांत ती मोकळीक दोन घटका टिकते आणि शंका पूर्वीपेक्षां बळावून परत येते. लहान मुलांस मनांतली भीति सांगतांही येत नाहीं. म्हणून कृतीपेक्षां कृतीनंतरचा चेहरा पाहावा.

हीं तिन्ही एकत्र असूं शकत नाहींत, असें मात्र समजूं नये. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानग्रंथांत २०१३ पूर्वीं स्वमग्नतेबरोबर अवधानदोषाचें वेगळें निदान करूं नये, असा नियम होता. त्या वर्षीं तो काढून टाकला गेला. म्हणून हा निवाडा घरच्या बैठकींत न करतां तज्ज्ञांवर सोंपवावा हें बरें, कारण उपचारांच्या वाटा निरनिराळ्या आहेत. अवधानदोषाचें औषध मंत्रचळावरचें औषध नव्हे. मंत्रचळांत भीतीला सामोरें जाऊन कृति रोखण्याचा अभ्यास करवितात. लंडनमध्यें व्हिक्टर मेयर यांनीं १९६६ सालीं या पद्धतीचा पाया घातला. जरूर पडल्यास जोडीला औषधेंही देतात.

एकत्र कुटुंबाची अडचण येथेंच आहे. मुलगी विचारी, "माझा हात केराच्या सुपाला लागला का?" आणि पांच जणें पांच वेळां "नाहीं गं" म्हणत, काकू पाण्याची नवी कळशी आणून देत. हा सारा जिव्हाळा रोगाच्याच पथ्यावर पडे. आतां डॉक्टरांनीं सर्वांना बसवून सांगितलें आहे कीं, रागवावयाचें नाहीं आणि उत्तरही द्यावयाचें नाहीं. मुलीला तें ठरलेलें ठाऊक आहे. तिनेंच त्याला संमति दिली आहे. तिच्या हातांची कातडी आतां भरून आली आहे. आजींना मात्र तें मौन फार जड जातें. परवां तिनें तोच प्रश्न विचारला, तेव्हां त्या पोथी मिटून अंगणांत जाऊन उभ्या राहिल्या.