पक्षाघातोत्तर दृष्टिनाश : दोष नेत्राचा की मस्तिष्काचा?

पक्षाघाताचा रुग्ण आला की आपण हातापायांचे बल, वाणी व मुखाची वक्रता पाहतो. दृष्टिक्षेत्र मात्र क्वचितच तपासले जाते. सेलू परिसरातील रुग्ण ‘उजवा डोळा गेला’ असे सांगतो आणि मग थेंब, नवा चष्मा, प्रसंगी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया अशी त्याची फरफट सुरू होते. वस्तुतः पुष्कळदा दोन्ही नेत्र निर्दोष असतात. मस्तिष्काच्या डाव्या बाजूस मागील भागाचा रक्तपुरवठा खंडित झाल्याने दोन्ही डोळ्यांना उजवीकडचे अर्धे जग दिसेनासे झालेले असते.

हे ओळखण्यास यंत्र लागत नाही. रुग्णासमोर हातभर अंतरावर बसावे, त्याचा एकेक डोळा झाकून नजर आपल्या नाकावर स्थिर ठेवण्यास सांगावे आणि दोन्ही बाजूंनी बोटे हलवीत आणावीत. दोन मिनिटांचे काम आहे. असा अर्धदृष्टिनाश अकस्मात झाला असेल, तर हातपाय धडधाकट असले तरी तो पक्षाघातच समजावा. गुठळी विरघळविणाऱ्या इंजेक्शनची मर्यादा सामान्यतः साडेचार तासांची आहे. रुग्णास विनाविलंब परभणीस पाठवावे.

पुढील काळात मस्तिष्क स्वस्थ बसत नाही. एमआरआयवर आधारित अभ्यासांत असे दिसते की, बदल केवळ क्षतस्थानी होत नाहीत. अवधान व नेत्रचलन यांचे नियमन करणारी क्षेत्रे, तसेच विरुद्ध गोलार्ध यांच्याशी असलेले संबंधही पालटतात. पहिल्या महायुद्धातील जखमी सैनिकांना ‘आंधळ्या’ बाजूचे चलन जाणवते, हे रिडॉक यांनी १९१७ मध्येच नोंदविले होते. आपोआप होणारी सुधारणा बहुतांशी पहिल्या तीन महिन्यांत होते. तो काळ थेंबांत दवडणे हे माझ्या मते अक्षम्य आहे.

भेलसंहितेने आलोचक पित्ताचे चक्षुर्वैशेषिक व बुद्धिवैशेषिक असे दोन भेद सांगितले आहेत. पाहणे हे केवळ डोळ्याचे कर्म नव्हे, हा विचार त्यात निश्चित आहे. तथापि आचार्यांना एमआरआयचे निष्कर्ष आधीच ठाऊक होते, असे सांगून सभेत टाळ्या मिळविण्याचा मोह आपण आवरावा. तर्पणाने वा नस्याने गेलेले क्षेत्र परत येईल, असे आश्वासनही देऊ नये. गेलेले क्षेत्र परत मिळवून देणाऱ्या आधुनिक उपायांचा पुरावाही अद्याप तोकडाच आहे.

साध्य आहे ते निराळे. न दिसणाऱ्या बाजूकडे मुद्दाम नजर व मान वळविण्याचा नित्य सराव करवावा. डावी बाजू गेली असेल, तर वाचताना पुढच्या ओळीचा आरंभ सापडत नाही. पानाच्या डाव्या कडेला लाल रेघ ओढून द्यावी. उजवी गेली असेल, तर पुढचे शब्द दिसत नाहीत. तेथे ओळीखाली बोट सरकविणे उपयोगी पडते. खाट भिंतीशी कशी लावावी, रस्ता ओलांडताना कोणत्या बाजूस सोबती असावा, हे घरच्यांना समजावून सांगावे. दुचाकी तर बंदच करावी.

औषधी विक्रेत्या बंधूंना एवढीच विनंती की, ‘पक्षाघातानंतर दिसेना’ म्हणून थेंब मागणाऱ्यास आधी तपासणीस धाडावे आणि ‘आता आयुर्वेदिक सुरू केले’ म्हणून रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या त्याने परस्पर सोडल्या नाहीत ना, हे त्याच वेळी विचारावे.