सुट्टीतील उमेदवारी

वार्षिक परीक्षा संपत आल्या, की आमच्या दाराशी दोन प्रकारची मंडळी येऊ लागतात. पहिली, लग्नाची तारीख मागणारी. आणि दुसरी, "फादर, ह्या पोराला दीड महिना कोठेतरी अडकवा," असे सांगणारी. पूर्वी ह्या दुसऱ्या मंडळींचे काम सोपे होते. मुलगा मामाच्या गावी जाई, नाहीतर बापाबरोबर शेतावर. आता मात्र 'इंटर्नशिप' हा नवा शब्द घरोघर पोहोचला आहे, आणि तो नेमका कशाशी खातात हे ठाऊक नसल्यामुळे बरीच घरे गोंधळून गेली आहेत.

गेल्या पंधरवड्यात वसईकडील एका वाचक भगिनीचे पत्र आम्हांस आले. त्यांचा मुलगा अकरावीत आहे. त्याच्या वर्गातील दोघांनी मागील सुट्टीत इंटर्नशिप करून प्रमाणपत्रे आणली. ह्यालाही मोबाइलवर एक ठिकाण सापडले आहे. चार आठवडे घरबसल्या काम, शेवटी रंगीत प्रमाणपत्र आणि त्यासाठी साडेतीन हजार रुपये फी. बाई लिहितात, "त्याचे वडील दादरच्या बाजारात फुले पाठवतात. ते म्हणतात, काम करणाऱ्याला लोक पैसे देतात. हा पैसे देऊन काम करणार, हे कसले काम? दोन दिवस मुलगा नीट जेवलेला नाही. फादर, पैसे द्यावे की न द्यावे?"

ह्या प्रश्नाचे उत्तर शेवटी देऊ. आधी आमची स्वतःची एक चूक सांगणे आम्हांस प्राप्त आहे. कारण मोबाइलवरील जाहिरातदारांस नावे ठेवणे सोपे, पण ह्या बाबतीत आमचेही हात स्वच्छ नाहीत.

दोन वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील एक सोळा वर्षांचा मुलगा सुट्टीत वडोदऱ्यास मामाकडे जाणार होता. मामांनी मकरपुरा येथील औद्योगिक वसाहतीत, ओळखीच्या एका लहान कारखान्यात, त्याच्यासाठी शब्द टाकला. धर्मगुरूंची चिठ्ठी असल्यास बरे, म्हणून मुलाची आई आमच्याकडे आली. आम्ही मिस्सा आटोपून घाईतच होतो. 'मुलगा प्रामाणिक असून गरीब घरचा आहे, ह्यास काहीतरी शिकवावे,' एवढेच लिहून आम्ही सही केली आणि एक सत्कृत्य पार पडले अशा समाधानात राहिलो.

महिन्याभराने आम्हांस काही कामानिमित्त वडोदऱ्यास जावे लागले. परतताना मुलाला बरोबर आणावे, म्हणून आम्ही कारखान्यात गेलो. "काय शिकलास?" असे विचारता तो खाली पाहत म्हणाला, "खोकी चिकटवायला शिकलो, फादर. आणि कोणाच्या चहात किती साखर लागते, ते." हातात शिक्क्याचे प्रमाणपत्र मात्र होते.

आम्ही थोड्या रागानेच मालकांकडे गेलो. गृहस्थ सभ्य होते. आमची चिठ्ठी त्यांनी खणातून काढून आमच्यापुढे ठेवली आणि शांतपणे विचारले, "फादर, काय शिकवायचे ते ह्यात कोठे लिहिले आहे? लेथजवळ ह्या वयाच्या मुलाला मी उभा करणार नाही. नकाशा वाचायला शिकवा, मोजमाप शिकवा, असे कोणी सांगितले असते, तर शिकवले असते."

आम्हांस उत्तर सुचले नाही, कारण ते खरे बोलत होते. अधिक ओशाळवाणे पुढेच होते. शेवटच्या आठवड्यात त्या मुलाने आपण होऊन कोठारातील वृद्ध कारकुनाला विचारले होते, की ही दुहेरी खुणांची पट्टी कशासाठी? त्या भल्या माणसाने तीन दिवस रोज जेवणाच्या सुट्टीत त्याला व्हर्नियर कॅलिपर वापरावयास शिकविले. मुख्य पट्टीवरील आकडा आधी कसा वाचावा, मग सरकत्या पट्टीवरची कोणती रेघ नेमकी जुळते ते कसे पाहावे, हे सारे मुलाने आम्हांस परतीच्या वाटेवर हातवारे करून समजावून दिले. एका महिन्यातील खरे शिक्षण तेवढेच, आणि ते आमच्या चिठ्ठीने नव्हे, त्याच्या एका प्रश्नाने मिळाले.

स्टेशनवर जाण्यापूर्वी मामांनी आम्हांस राजमहाल रस्त्यावरून नेले आणि कलाभवनाची वास्तू दाखविली. आज तेथे महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रविद्या व अभियांत्रिकी शाखा आहे. कलाभवन ही संस्था मात्र विद्यापीठाहून बरीच जुनी. विद्यापीठ १९४९ मधले. कलाभवन महाराज सयाजीराव गायकवाड ह्यांनी १८९० मध्ये स्थापन केले. हे महाराज मूळचे आपल्याच नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचे. १८७५ मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षी, ते बडोद्याच्या गादीवर दत्तक गेले. राज्याचा पूर्ण अधिकार त्यांस १८८१ च्या अखेरीस मिळाला. त्यापूर्वी दिवाण सर टी. माधवराव ह्यांनी त्यांस राज्यकारभार कसा चालवावा ह्यावर व्याख्याने दिली. म्हणजे राजालाही गादीवर हुकूम चालविण्याआधी जाणत्या माणसापाशी बसून शिकावे लागले.

कलाभवनाचे पहिले प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर हे रसायनशास्त्राचे अध्यापक. मातृभाषेतून विद्या दिल्याशिवाय कारागिराच्या घरापर्यंत ती पोहोचणार नाही, असा त्यांचा आग्रह होता. मुंबईतील व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्यास कोणी डांबर फासले होते. ते निघता निघेना, तेव्हा १८९८ मध्ये ह्याच गज्जरांनी आपल्या रसायनविद्येने तो पुतळा स्वच्छ केला. १९०७ मध्ये वडोदऱ्यात उभ्या राहिलेल्या अलेम्बिक ह्या रासायनिक कारखान्याच्या संस्थापकांतही त्यांचे नाव येते.

ह्या गज्जरांच्या हाताखाली त्र्यंबकेश्वरचा एक तरुण आला. वय विशीचे. चित्रे काढणे, मूर्ती घडविणे, छायाचित्रे घेणे, सगळ्यांतच त्याचा जीव. मुलाचे काम पाहून गज्जरांनी कलाभवनाचा छायाचित्रणाचा स्टुडिओ आणि प्रयोगशाळा त्याला वापरावयास मोकळी करून दिली. हा तरुण म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके. पुढे १९१३ मध्ये त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट लोकांसमोर आला आणि सारा देश त्यांस दादासाहेब म्हणून ओळखू लागला. प्रयोगशाळेचे दार उघडणारा गुरू होता, हे खरे; पण दाखविण्याजोगे काम हातात घेऊन शिष्य आधी त्या दाराशी गेला होता, हेही तितकेच खरे.

वाचकहो, ह्या गोष्टीसाठी मराठीत जुना शब्द आहे, 'उमेदवारी'. छापखान्यात, सोनाराच्या पेढीवर, वकिलाच्या कचेरीत मुलगा काही महिने उमेदवारी करी. पगार नसे किंवा नावापुरता असे, पण शिकविणारा माणूस ठरलेला असे. त्या प्रथेत जुलूमही पुष्कळ झाला. कित्येक मुलांचे बालपण मालकाच्या घरचे पाणी भरण्यात गेले. म्हणूनच इटलीतील तुरीन शहरी संत जॉन बॉस्को ह्यांनी आपल्या अनाथ व गरीब मुलांस कारागिरांकडे पाठविताना तोंडी शब्दावर विसंबणे सोडून दिले. ८ फेब्रुवारी १८५२ रोजी एका सुतारकाम शिकणाऱ्या मुलासाठी त्यांनी केलेला करारनामा प्रसिद्ध आहे. मालकाने मुलाला दोन वर्षांत सुतारकाम शिकवावे, धंद्याबाहेरच्या कामास जुंपू नये, चूक झाल्यास शब्दांनी सुधारावे, हात उगारू नये, सणाच्या दिवशी मोकळे ठेवावे; आणि मुलानेही आज्ञाधारकपणे व मन लावून शिकावे, असे त्यात लिहिले आहे. खाली डॉन बॉस्कोंची स्वतःची सही आहे. आमच्या त्या दोन ओळींच्या चिठ्ठीची आठवण होऊन हा करार वाचताना आम्हांस लाज वाटली.

आता सुट्टीत असे काम शोधावे कसे, हे सांगतो.

प्रथम, जवळ शोधावे. सायकलने जाता येईल एवढ्या अंतरात छापखाना असतो, पतपेढी असते, दुधाची सोसायटी, औषधाचे दुकान, रोपवाटिका, वीजदुरुस्तीचे दुकान, वाचनालय, गुरांचा डॉक्टर, शिवणकामाचा वर्ग असतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार, कलावंत अशा स्थानिक जाणकारांपाशी शिकावे, आणि बारावीपर्यंत सुट्टीतही अशा संधी मिळाव्यात, असे सुचविले आहे. शाळेच्या मुख्याध्यापकांस ह्याविषयी अवश्य विचारावे.

दुसरे, वेळेवर शोधावे. मे उजाडल्यावर धावाधाव करण्यापेक्षा परीक्षेच्या आधीच विचारून ठेवावे. मुलाने किंवा मुलीने स्वतःच्या हाताने चार ओळींचे पत्र लिहावे. मी कोण, कोणत्या इयत्तेत. मला तुमच्याकडील अमुक एक गोष्ट शिकावयाची आहे. ह्या तारखेपासून त्या तारखेपर्यंत रोज इतके तास येईन. आणि त्याबदल्यात हे हे काम करीन. दुकानात गर्दी नसेल अशा वेळी ते पत्र स्वतः नेऊन द्यावे. वडिलांनी फार तर कोपऱ्यावर उभे राहावे. सहा ठिकाणी विचारले, तर पाच ठिकाणी नकार मिळेल. नकार देणाऱ्यास नम्रपणे एवढे विचारावे, "आणखी कोणाकडे विचारू?" पुष्कळदा सातवे दार त्या उत्तरातून सापडते.

तिसरे, अटी कागदावर घ्याव्या. काय शिकविणार, कोण शिकविणार, किती ते किती वाजेपर्यंत, आणि कोणत्या यंत्राला वा रसायनाला हात लावावयाचा नाही, एवढे चार मुद्दे पुरेत. चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवणे कायद्याने मना आहे. चौदा ते अठरा वयाच्या मुलांस धोक्याच्या कामावर लावता येत नाही, हे २०१६ च्या दुरुस्तीने स्पष्ट केले आहे. १९६१ च्या कायद्याखाली नोंदली जाणारी शिकाऊ उमेदवारी निराळी. सुट्टीतील महिनाभराचे शिकणे त्यात मोडत नाही, म्हणून त्याच्या अटी आईबापांनीच ठरवून घ्याव्या. तसेच २०२४ मध्ये जाहीर झालेली पंतप्रधानांच्या नावाची इंटर्नशिप योजना २१ ते २४ वर्षांच्या तरुणांसाठी आखलेली होती. तिचे नाव सांगून शाळकरी मुलांकडून कोणी पैसे मागत असेल, तर सावध व्हावे.

मुलींच्या आईबापांस आमचे वेगळे सांगणे आहे. मुलीला सुट्टीत घरी बसविणे हा सुरक्षिततेचा उपाय नव्हे. जेथे स्त्रिया काम करतात अशी जागा पाहावी, आईने एकदा स्वतः जाऊन यावे, दिवेलागणीपूर्वी घरी परतता येईल असे तास ठरवावेत, आणि मग मुलीला निर्धास्तपणे जाऊ द्यावे.

चौथे, वही ठेवावी. रोज रात्री तीन ओळी लिहाव्या. आज काय पाहिले, काय केले, काय समजले नाही. जे समजले नाही ते दुसऱ्या दिवशी विचारावे. आमच्या मुलाचे शिक्षण झाले ते अशाच एका प्रश्नाने. शेवटी मालकांकडून प्रमाणपत्राऐवजी, ह्या मुलाने आमच्याकडे नेमके काय काम केले, हे सांगणारे तीन ओळींचे पत्र घ्यावे, आणि आपणही आभाराचे पत्र द्यावे.

कित्येक घरांत मुलाला सुट्टीत मजुरी करावीच लागते, हे आम्ही जाणतो. लग्नाच्या मांडवात वाढप करणारी, आंबे उतरविणारी, मासळीची टोपली उचलणारी आमची मुले कोणाहून कमी नाहीत. त्यांनीही ती वही ठेवावी. किती आंबे उतरविले, किती डागाळले, कशाने डागाळले, बाजारात काय भाव आला, हे जो मुलगा लिहून ठेवतो त्याची मजुरीसुद्धा उमेदवारी होते, आणि वर चार पैसेही घरात येतात.

आता त्या भगिनीच्या प्रश्नाचे उत्तर. बाई, साडेतीन हजार देऊ नका. मुलाचे वडील बरोबर बोलत आहेत. कोणी खरोखर काही शिकवीत असेल, तर त्याची फी देण्यास हरकत नाही. पण मग ती शिकवणी झाली, तिला शिकवणीच म्हणावे. केवळ कागदासाठी पैसे मोजणे म्हणजे न केलेल्या कामाची साक्ष विकत घेणे होय, आणि पहिल्याच मुलाखतीत दोन प्रश्न विचारले जाताच ती साक्ष उघडी पडते.

परंतु मुलावर रागावू नका. दोन दिवस तो उपाशी राहिला, तो पैशांसाठी नव्हे. वर्गातील इतर मुलांच्या मागे आपण पडलो, ह्या भीतीने त्याच्या घशाखाली घास उतरत नाही. ती भीती खोटी नाही. शहरातील मुलाला काकांची कचेरी असते, वडिलांचे मित्र असतात. आपल्या मुलाला ओळख नसते. ती ओळख करून देणे, हे आपणा मोठ्यांचे काम आहे. आपल्या गावच्या पतपेढीत त्याला पत्र घेऊन पाठवा. तेथे जमलेच नाही, तर वडिलांबरोबर महिनाभर दादरला जाऊ द्या, आणि फुलांचा वाहतूकखर्च, नासाडी व दर ह्यांचा हिशेब त्याच्याकडे सोपवा. महिन्याअखेर तो हिशेब आम्हांस पाठवावा, अशी त्याला आमची विनंती आहे.

आणि तुमच्या धर्मगुरूंकडे चिठ्ठी मागण्यास गेलात, तर त्यांस जरा खाली बसवा. काय शिकवावयाचे ते नीट लिहून होईपर्यंत त्यांस उठू देऊ नका. हे आम्ही अनुभवाने सांगत आहोत.