कोठारातील उंदीर आणि पिंजऱ्यातील उंदीर

रायपूरच्या पुरानी बस्तीत एखाद्या जुन्या घराच्या धान्यकोठारात वावरणारा उंदीर आणि प्रयोगशाळेच्या पिंजऱ्यात वाढलेला उंदीर हे एकाच जातीचे प्राणी होत. तथापि रोगप्रतिकाराचा विचार करताना त्यांना एकच मानणे धोक्याचे आहे.

पाठ्यपुस्तकांतील माहिती बहुतांशी पिंजऱ्यातील उंदरापासून मिळालेली आहे आणि ती मोलाची आहे. प्लीहेतील लसीका-पेशी साध्या सूक्ष्मदर्शकाखाली एकसारख्याच दिसतात. १९६१ मध्ये जॅक मिलर यांनी नवजात उंदरांच्या छातीतील थायमस ग्रंथी काढली. पुढे त्या उंदरांना परक्या उंदराची कातडी लावली असता ती गळून पडेना. या ग्रंथीत परिपक्व होतात त्या टी-पेशी. अस्थिमज्जेत घडून पुढे प्रतिपिंडे निर्माण करतात त्या बी-पेशी. प्लीहेत टी-पेशी बारीक रोहिण्यांभोवती जमतात, बी-पेशी शेजारच्या गोल पुंजक्यांत राहतात.

परंतु पेशींचे प्रकार ओळखणे निराळे आणि त्यांचे प्रमाण ठरविणे निराळे. ज्या टी-पेशींनी कधी रोगजंतू पाहिलाच नाही त्या अननुभवी. ज्या झुंजून आल्या त्या स्मृतिधारक. निर्जंतुक अन्नावर पोसलेल्या उंदरात पहिल्यांचाच भरणा असतो. मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये असे उंदीर दुकानातून आणलेल्या उंदरांसोबत ठेवले. सुमारे एक पंचमांश मेले. उरलेल्यांत स्मृतिधारक पेशी वाढल्या आणि त्यांची प्रतिकारव्यवस्था प्रौढ मनुष्यासारखी दिसू लागली. त्यापूर्वी ती नवजात अर्भकासारखी होती! बस्तीतील शाळकरी मूल तरी असंख्य जंतूंशी झगडलेलेच असते. ते पिंजऱ्यातल्यापेक्षा कोठारातल्या उंदराच्या अधिक जवळचे.

हा केवळ तात्त्विक वाद नव्हे. २००६ मध्ये लंडन येथे टी-पेशींना चेतविणारे एक नवे औषध सहा निरोगी स्वयंसेवकांना टोचण्यात आले. प्राण्यांवर ते निरुपद्रवी ठरले होते. हे सहाही जण काही तासांत अत्यवस्थ झाले. सुदैवाने सर्व वाचले. रानटी मादीच्या पोटी जन्मलेल्या प्रयोगशालेय वंशाच्या उंदरांना त्याच वर्गातले औषध दिले असता धोका अगोदरच दिसतो, हे २०१९ मध्ये सिद्ध झाले.

पिंजऱ्यातला उंदीर टाकून द्यावा, असा याचा अर्थ नाही. कोठारातले दोन उंदीर सारख्या रोगांतून गेलेले नसतात, मग तुलना कशाशी करावी? मात्र पेशींच्या संख्येबरोबर तो प्राणी कोठे व कसा वाढला, हेही छापले पाहिजे. आणि टी-पेशींवर काम करणारे औषध मनुष्याला टोचण्यापूर्वी दोन्ही प्रकारच्या उंदरांवर पारखले पाहिजे. खर्च वाढेल, हा आक्षेप खरा आहे. लंडनच्या त्या सहा जणांपुढे तो मांडणे मात्र कठीण.