उशीर नक्की कुणाला झालाय?

निकालाचे दिवस आले की आमच्या होस्टेलवर भक्तीला नुसता पूर येतो. शनिवारी मारुतीला तेल, मंगळवारी गणपती, आणि एम-थ्री सुटला तर नारळ! निकाल लांबला की लगेच, ‘देव आपलं ऐकतच नाही राव.’ अरे, देव म्हणजे काय परीक्षा विभागाची खिडकी आहे? (तिथेही ‘उद्या या’ असंच ऐकायला मिळतं, ते सोडा.)

आपल्याकडची गोष्ट तर उलटीच आहे. पुंडलिक आई-वडिलांच्या सेवेत, आणि दारात विठ्ठल. पुंडलिकाने वीट फेकली, म्हणाला, थांब जरा. हातातलं काम त्याने सोडलं नाही. आरतीच्या हिशेबाने देव अठ्ठावीस युगं तिथेच उभा आहे! म्हणजे ताटकळतोय तो, आपण नव्हे.

आणि वारकरी? आळंदीहून पंढरपूरपर्यंत चालत येतो. आषाढीच्या गर्दीत दर्शनबारीत नंबर लागला नाही, तर कळसाला हात जोडून शेताकडे परत. पुढच्या वर्षी पुन्हा तयार. तोही मागत असेलच की. पाऊस मागेल, लेकीचं लग्न मागेल. पण उत्तराची तारीख मागत नाही. मला हा विश्वास आपल्या नवसापेक्षा मोठा वाटतो.

बाकी रिव्हॅल्युएशनच्या फॉर्मची तारीख नोटीस बोर्डावर लागते. ती मात्र स्वतः जाऊन बघा.