सुट्टीतील मुले आणि उघडे पाणी

पाण्याच्या दुर्भिक्ष्यासाठी ज्या मराठवाड्याचे नाव देशभर घेतले जाते, त्याच मराठवाड्यात उन्हाळी सुट्टीच्या दिवसांत मुले पाण्यात बुडून दगावतात. वरवर ही विसंगती वाटेल. पण ती तशी नाही. दुर्भिक्ष्य आहे म्हणूनच पाणी साठवावे लागते, आणि साठविलेले पाणी बहुतेक ठिकाणी उघडे असते. छत्रपती संभाजीनगर शहराला जायकवाडीचे पाणी वर्षानुवर्षे काही दिवसांआड मिळत आले. त्यामुळे घरोघरी जमिनीखालची टाकी, अंगणातला हौद आणि दाराशी पिंप ही व्यवस्था रूढ झाली. शिवारात विहीर होतीच. तिच्या जोडीला शेततळे आले. २०१६ साली राज्य शासनाने ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना सुरू केली. तीत ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल इतक्या आकारापर्यंतच्या तळ्यासाठी ५० हजार रुपयांपर्यंत अनुदान होते. शेतीच्या दृष्टीने योजनेचे गुणदोष काहीही असोत, तीन मीटर खोलीचे पाणी धट्ट्याकट्ट्या माणसाच्याही डोक्यावरून जाते. त्यात तळ्याला प्लॅस्टिकचे अस्तर असले की ओल्या उतारावर पाय ठरत नाही. पोहता येणाऱ्यालाही बाहेर निघता येत नाही, आणि एकाला हात द्यायला गेलेला दुसराही आत ओढला जातो.

चिकलठाण्यासारख्या ठिकाणी हे दोन्ही प्रकारचे धोके शेजारी नांदतात. एका बाजूस सुखना नदी आणि जुन्या गावाचे उरलेसुरले शिवार. दुसऱ्या बाजूस जालना रस्ता, विमानतळ आणि औद्योगिक वसाहत. कारखान्यात पाळी करणारा बाप आणि रोजंदारीवर किंवा धुणीभांड्यांना जाणारी आई हे येथील सर्वसाधारण कुटुंब. शाळा सुरू असते तोवर मूल दिवसाचे पाच-सहा तास कोणाच्या तरी नजरेखाली असते. सुट्टी लागताच ती नजर काढून घेतली जाते. शाळा शिकविते हे सर्वांना दिसते. ती सांभाळतेही, हे कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. अर्थशास्त्राच्या भाषेत, किंमत न लावलेली ही सेवा मे महिन्यात अचानक बंद होते आणि तिचा भार नऊ-दहा वर्षांच्या थोरल्या बहिणीवर पडतो. मजुरी बुडवून घरी बसणे आईला परवडत नाही. तिला निष्काळजी म्हणणाऱ्यांनी तिच्या एका दिवसाच्या रोजाचा हिशेब आधी करावा.

कायद्याची नजरही अशीच तोकडी आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने पाळणाघराचे बंधन घातले. १९७६ च्या दुरुस्तीने ते ३० हून अधिक स्त्री कामगार असलेल्या कारखान्यांना लागू झाले, आणि कंत्राटदारामार्फत लावलेल्या स्त्रियाही त्या गणतीत आल्या. पण तेथे सोय होती सहा वर्षांखालील मुलांची. सातव्या वर्षापासून मूल शाळेचे, असे कायदा करणाऱ्यांनी गृहीत धरले असावे. शाळेला सुट्टी असते हे मात्र त्यांच्या ध्यानात राहिले नाही.

पूर्वी मुले विहिरीत पोहत नव्हती काय, असा प्रश्न वडीलधारे विचारतात. पोहत होती; पाठीला सुका भोपळा किंवा रिकामा डबा बांधून चुलते-मामा त्यांना शिकवीतही होते. परंतु त्या विहिरीवर मोट चालत असे, म्हणजे दिवसभर तेथे माणूस असे. विजेचा पंप आला आणि विहीर निर्मनुष्य झाली. त्यातून सुट्टीत मामाच्या गावी गेलेल्या शहरी मुलाला ना पोहता येते, ना कोणती विहीर खोल आणि कोणत्या विहिरीला कठडा नाही हे ठाऊक असते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मेली. त्यांपैकी जवळजवळ चतुर्थांश पाच वर्षांखालील मुले होती. आपल्याहून गरीब समजल्या जाणाऱ्या बांगलादेशाने यावर काढलेला उपाय फार साधा आहे. आई कामात गुंतलेली असते त्या सकाळच्या वेळेत गावातलीच एक प्रशिक्षित स्त्री लहान मुलांना एकत्र सांभाळते, आणि सहा वर्षांवरील मुलांना पोहणे शिकविले जाते. अशी ८,००० केंद्रे उघडण्याचा प्रकल्प तेथील सरकारने २०२२ मध्ये हाती घेतला. आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयानेही डिसेंबर २०२३ मध्ये बुडण्याच्या प्रतिबंधाचा आराखडा प्रसिद्ध केला. पण आराखड्याने टाकीला झाकण बसत नाही.

येथे करता येण्याजोगे पुष्कळ आहे आणि ते महागही नाही. शेततळ्याच्या अनुदानाचा अखेरचा हप्ता कुंपण घातल्यावाचून आणि काठाला गाठी मारलेला दोर बांधल्यावाचून देऊ नये. महापालिकेने आणि जिल्हा परिषदेने सुट्टीत शाळांना कुलूप न लावता सकाळचे चार तास त्या उघड्या ठेवाव्यात. हे काम शिक्षकांच्या माथी मारू नये; जनगणना आणि निवडणुकांनी त्यांची सुट्टी आधीच पुरेशी खाल्ली आहे. राष्ट्रीय सेवा योजनेतील महाविद्यालयीन विद्यार्थी आणि वस्तीतल्या दोन-तीन स्त्रिया मानधनावर ते करू शकतील. औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांना सामाजिक दायित्वाचा निधी खर्चावा लागतोच. त्यातला काही भाग फाटकाबाहेरच्या वस्तीसाठी वळविण्यास हरकत नसावी.

सुट्टीत शाळा उघडण्याची कल्पना नवीही नाही. सर्वोच्च न्यायालयाने २० एप्रिल २००४ रोजी, दुष्काळग्रस्त भागात उन्हाळी सुट्टीतही शाळेतील मध्यान्ह भोजन द्यावे, असा आदेश दिला होता. भोजन देण्यासाठी शाळेचे दार उघडावे लागते. जेवायला आलेल्या मुलांना ऊन उतरेपर्यंत तेथेच बसू द्यायचे, तर लागेल ते एक सतरंजी, गोष्टींच्या पुस्तकांची एक पेटी आणि लक्ष ठेवणारे एक माणूस.