विश्लेषण : पावसाळ्यानंतर लिंबाचे झाड अचानक का वाळते? शहापूर-मुरबाडने विदर्भाकडून काय शिकावे?

शहापूर आणि मुरबाड हा मुळात भाताचा पट्टा. मात्र फळबाग अनुदानामुळे आता इथेही कागदी लिंबाचा पर्याय खुला आहे. लिंबाला फळ धरायला चार-पाच वर्षे लागतात. त्याआधीच मुळे कुजली तर कष्ट आणि अनुदान दोन्ही जाते. विदर्भातील संत्रा बागायतदार हे संकट अनेक वर्षे झेलत आहेत.

नेमका रोग कोणता?

रोगाचे नाव फायटोप्थोरा. बुंध्याची साल तडकून डिंक गळू लागतो, म्हणून शेतकरी त्याला ‘डिंक्या’ म्हणतात. जमिनीखाली तंतुमुळे कुजतात, वर पाने पिवळी पडून गळतात. वरूड, मोर्शी, काटोल या संत्रा पट्ट्यात लांबलेल्या पावसात याच रोगामुळे फळांवर तपकिरी कूज येते आणि आंबिया बहाराची फळे तोडणीआधीच गळतात.

हा रोग पाण्यातूनच का पसरतो?

फायटोप्थोराला सोयीसाठी बुरशी म्हटले जाते, पण शास्त्रीयदृष्ट्या तो बुरशीसारखा वेगळाच जीव आहे. त्याचे बीजाणू साचलेल्या पाण्यात अक्षरशः पोहत मुळांपर्यंत जातात. आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्याचे पीक नासवून दुष्काळ आणणारा जीव याच कुळातला.

नागपूर भागात वर्षाला साधारण हजार-अकराशे मिलीमीटर पाऊस पडतो, तर शहापूर-मुरबाडमध्ये दोन हजार मिलीमीटरहून अधिक. शिवाय भातखाचर पाणी धरून ठेवण्यासाठीच बांधलेले असते. त्यात लिंबासाठी खड्डा खणला, तर पावसाळाभर तो पाण्याने भरलेला हौदच ठरतो.

मग लागवड कुठे आणि कशी करावी?

खाचराऐवजी उताराची, निचऱ्याची वरकस जमीन निवडावी. सपाट जागाच असेल तर उंच गादीवाफ्यावर रोप लावून दोन ओळींमध्ये चर काढावा. बुंध्याला माती लावू नये. पाणी थेट खोडाला लागू नये म्हणून दुहेरी आळे करावे, म्हणजे खोडाभोवती आतला कोरडा गोल आणि त्याबाहेर पाण्याचा गोल. कलम असेल तर डोळा भरलेली जागा जमिनीपासून सुमारे नऊ इंच वर हवी. रोपवाटिकेतून पिशवीत आलेल्या मातीबरोबरही रोग शेतात येतो. त्यामुळे रोप घेताना मुळे पांढरी आणि निरोगी आहेत का, हे पाहावे.

औषध कोणते?

प्रतिबंधासाठी बोर्डो मलम सर्वात स्वस्त. एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी या प्रमाणात ते तयार करून पावसाळ्याआधी आणि नंतर खोडाला लावतात. मोरचूद आणि चुना प्लास्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत भिजवून मग एकत्र करावेत. त्यात लोखंडी खिळा बुडवल्यावर तांबूस थर चढला, तर आणखी चुना घालावा. मलम त्याच दिवशी वापरावे.

रोग दिसल्यास कुजलेली साल खरवडून जागा स्वच्छ करतात आणि मलम लावतात. मेटॅलॅक्झिल व मॅन्कोझेबचे मिश्र औषध किंवा फोसेटिल एएल लिटरला अडीच ग्रॅम या प्रमाणात देण्याची शिफारस विदर्भात केली जाते. वापरण्याआधी डब्यावरची सूचना वाचून कृषी अधिकाऱ्यांकडून खात्री करून घ्यावी. शेणखतात वाढवलेली ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी मुळांचे रक्षण करते. मात्र ती आणि रासायनिक बुरशीनाशक एकाच वेळी देऊ नये.

चूक कुठे होते?

दुकानात सहज मिळणारे कार्बेन्डाझिम फळांच्या देठाच्या काही बुरशीजन्य रोगांवर चालते, पण फायटोप्थोरावर त्याचा परिणाम होत नाही. दुसरा गोंधळ खैऱ्याचा. कागदी लिंबावर पडणारे खरखरीत तपकिरी डाग जिवाणूमुळे येतात. तिथे ताम्रयुक्त फवारणी आणि रोगट फांद्यांची छाटणी उपयोगी पडते. रोग न ओळखता केलेली फवारणी म्हणजे पैसा मातीत.

अनुदानाशी याचा संबंध काय?

२०१८ मध्ये सुरू झालेल्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत कागदी लिंबाचा समावेश आहे. कोकणात किमान १० गुंठ्यांवर लाभ मिळतो. रक्कम तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के अशा हप्त्यांनी येते आणि पुढच्या हप्त्यांसाठी झाडे जिवंत असावी लागतात. म्हणजे निचऱ्याकडे दुर्लक्ष झाले, तर झाडामागोमाग हप्ताही अडकतो.

म्हणूनच खड्डे खणण्याआधीचा एक पावसाळा महत्त्वाचा. मोठा पाऊस थांबल्यावर शेतात कुठे, किती वेळ पाणी उभे राहते हे पाहून ठेवले, तर पुढचा औषधांचा बराच खर्च वाचतो.