काली आणि आमचा फॅमिली ग्रुप

गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुन्हा ती 'काली' अवतरली. भारताकडे गुप्त किरणास्त्र आहे, त्यानेच २०१२ साली सियाचिनजवळ गयारीचा हिमकडा पाडला, वगैरे वगैरे. खाली टाळ्याच टाळ्या! त्या बर्फाखाली पाकिस्तानची १४० माणसे गाडली गेली. निसर्गाच्या कोपात मेलेल्यांवर टाळ्या पिटायला मी तरी कुणाला शिकवले नाही.

पाठवणारा कोण, तर माझा सख्खा भाचा. बारामती एमआयडीसीत कास्टिंगचे एक्स-रे काढतो. म्हणजे ज्याला खरे काय ते सर्वांत आधी कळावे, तोच!

मी बी.ए. मराठीवाला. तरी वाचून एवढे कळले, की काली म्हणजे किलो अँपिअर लिनियर इंजेक्टर, ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचे यंत्र. कल्पना १९८५ची. त्यातून इलेक्ट्रॉनांचा जबरदस्त झोत क्षणभर सुटतो. धातूवर आदळला की क्ष-किरणांचा लखलखाट. कशासाठी? तर फोटो काढायला! हवेत सोडला तर तो झोत काही मीटरांतच विखरून संपतो. हिमालय कुठला पाडतोय?

बाळा, तुझे कास्टिंग गुमान पडून असते, ब्लोहोल कुठे पळून जात नाही. पण अणुबॉम्बमध्ये भोवतालची स्फोटके एकदम उडवून मधला धातूचा गोळा चहूबाजूंनी दाबतात. १९७४ला पोखरणला तसेच केले. ही स्फोटाची लाट सेकंदाला सात-आठ किलोमीटर धावते, म्हणजे बारामती ते पुणे पंधरा सेकंदांत. धूर आणि उजेड एवढा, की साधा कॅमेरा आंधळा. गोळा सगळीकडून सारखा दबला की एका अंगाने फुगला, हे बघायला सेकंदाच्या एक कोटीव्या भागाचा क्ष-किरणांचा चमकारा लागतो. तेवढ्यात लाट एक मिलिमीटरही सरकत नाही. चाचणीत खऱ्या गाभ्याच्या जागी दुसरा जड धातू ठेवतात, म्हणजे अणुस्फोट न करता दाब पारखता येतो. अमेरिकेत लॉस अलामोसला १९६३ पासून अशी यंत्रे आहेत.

हे कमी अद्भुत आहे का? पण नाही, आपल्याला मंत्राने सुटणारे अस्त्रच हवे!

"मामा, सरकार सगळे सांगत नसते," असे भाचा म्हणाला. बरोबर आहे. मग तुला रे कुणी सांगितले?

हे सगळे मी ग्रुपवर लिहिले. उत्तरादाखल त्याचा अंगठा आला आहे. वाचून पाठवला की न वाचता, ते दिवाळीला घरी आला की विचारणार आहे.